वाकळ शिवणे : एक अभ्यास आणि एक छंद

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काही वाचकांना थोडे आश्चर्य वाटेल. स्मरणिकेत धम्म, शिक्षण, चळवळीचा इतिहास अशा विषयांवर लेख असतात. त्यात हे वाकळेचे प्रकरण कोठून आले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु आम्ही बँकेतील नोकरी सांभाळून संध्याकाळच्या फावल्या वेळात हाताने वाकळा शिवतो, आणि शिवता शिवता या विषयाचा जो थोडाफार अभ्यास झाला तो सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असे वाटले.

आपल्या सातारा-सांगली भागात जिला वाकळ म्हणतात तिलाच इतरत्र गोधडी म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केलेले ते दुपटे. कर्नाटकात तिला कौदी म्हणतात, बिहारात सुजनी, बंगालमध्ये कांथा. नावे वेगळी, कृती एकच : जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि साध्या धावदोऱ्याने एकजीव करायचे.

औंध हे आज खटाव तालुक्यातील एक गाव असले तरी १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत ते एका संस्थानाचे राजधानीचे ठिकाण होते. संस्थान ७२ गावांचे. परंतु ही गावे सलग नव्हती. औंध इकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ पार विजापूरकडे. नकाशा पाहिला तर संस्थान म्हणजे दुसऱ्यांच्या मुलखावर लावलेली ठिगळेच वाटतात! याच छोट्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना अमलात आणली. त्यांनी उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्प आहे. लांबून लोक ते पाहायला येतात आणि यावेच. पण त्याच मुलखात, झोपडीपासून वाड्यापर्यंत, जी वस्तू बायकांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिली तिला कलाकृती म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. वाकळ ही अंथरायची, पांघरायची आणि विटली की टाकायची वस्तू.

खटाव, माण, आटपाडी हा कमी पावसाचा टापू. उघड्या माळावरची थंडी पौष-माघात हाडांत शिरते. धनगरांची घोंगडी होतीच, पण घोंगडी विकत घ्यावी लागे, नाहीतर धान्य मोजून द्यावे लागे. वाकळेला घरातलेच लुगडे, धोतर, फाटका सदरा, पटका पुरत असे. त्यामुळे ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्याही घरी वाकळ असे. आणि नेमक्या याच कारणामुळे आपल्या समाजात शिकलेल्या पिढीने सर्वांत आधी घराबाहेर काढली ती वाकळ. नोकरी लागली, घरात पलंग आला, त्यावर चादर आणि ब्लँकेट आले. पाहुणे यायचे म्हटले की वाकळा माळ्यावर जात. ठिगळ म्हणजे गरिबी, आणि गरिबी म्हणजे जुने दिवस.

ही लाज उगाच आलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क कसला, ती सक्तीच. औंध संस्थानातल्याच आटपाडीचे शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात गावकामगार महाराच्या घरातील जे जिणे लिहून ठेवले आहे, ते विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची ओळख सांगणारे दागिने टाकून देण्यास सांगितले, त्याचे कारण हेच. अंगावरचे कापड माणसाची पायरी ठरवत होते. तेव्हा ज्या आईने किंवा आजीने वाकळ टाकून दिली तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु बाबासाहेबांनी ज्या धम्माची वाट दाखवली, त्याच्या ग्रंथांत ठिगळांच्या कापडाला अगदी वेगळे स्थान आहे. हा भाग आपल्या वाचनातून बहुधा निसटतो.

विनयपिटकातील महावग्गात चीवराविषयी एक स्वतंत्र खंधक आहे. आरंभी भिक्षू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेले कापड, वेचून त्याची वस्त्रे करीत. पुढे जीवक वैद्याने विनंती केल्यावर गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मुभा मिळाली. पण नवे आणि सलग कापड मिळाले तरी ते कापून, तुकडे जोडूनच चीवर करायचे असा नियम झाला. त्याची हकीकत मोठी रम्य आहे. तथागत दक्षिणागिरीकडे चारिकेसाठी निघाले असता त्यांना मगधातील शेते दिसली : लांब पट्टे, आखूड पट्टे, मध्ये बांध, आणि बांध जेथे एकमेकांना छेदतात तेथे चौक. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्षूंसाठी अशी चीवरे तुला करता येतील का? आनंदाने ती करून दाखवली आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. चीवराच्या निरनिराळ्या तुकड्यांना पालीत कुसि, अड्ढकुसि, मंडल, विवट्ट अशी नावे आहेत. म्हणजे ठिगळकामाची परिभाषा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

थरांचाही हिशेब तेथे आहे. नव्या कापडाची संघाटी दुहेरी करावी, जुन्या विरलेल्या कापडाची चौपदरी करावी, आणि पांसुकूल असेल तर लागतील तितके पदर द्यावेत. वाकळ शिवणारी कोणतीही बाई हेच सांगेल : कापड जितके विरलेले, तितके थर जास्त.

येथे मनुस्मृतीतील कापड आणि पांसुकूल शेजारी ठेवून पाहावे. कापड तेच, स्मशानातलेच. एके ठिकाणी ते एका माणसावर जन्माने लादले गेले. दुसऱ्या ठिकाणी शाक्य कुळातल्या तरुणांनी आणि न्हाव्याच्या मुलाने, उपालीने, ते सारखेच अंगावर घेतले. विद्यार्थ्यांनी निबंध लिहावा असा हा विषय आहे. आम्ही येथे एवढेच म्हणू की लाज वाटायची ती सक्तीची. ठिगळाने काय केले?

दुसरी एक गोष्ट पुरुष सभासदांसाठी. सुईदोरा हातात धरलेला पुरुष पाहिला की आपल्याकडे लोक हसतात. शिंपी असेल तर चालते, कारण तो पैसे घेतो! परंतु भिक्षू आपली चीवरे स्वतः शिवीत असत. चुल्लवग्गात सांगितले आहे की आरंभी ते कोंबडीच्या पिसाने आणि बांबूच्या कामटीने शिवीत, शिवण वेडीवाकडी येई, म्हणून सुई वापरण्याची अनुज्ञा मिळाली. मग सुया गंजू लागल्या म्हणून सुईसाठी नळी आली. बोटांना टोचू लागले म्हणून अंगुस्तान आले. मात्र ते सोन्याचांदीचे नको अशी अट पडली. कापड ताणून धरण्यासाठी चौकट आली. तिचे नाव ‘कठिन’, आणि कठिन चीवरदानाच्या सोहळ्यात तोच शब्द आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर अनुरुद्धाचे चीवर शिवायला सारे बसल्याची कथा आहे. महाकस्सप एका टोकाला, सारिपुत्त मध्ये, आनंद दुसऱ्या टोकाला. बाकीचे भिक्षू सूत कातीत आहेत, मोग्गल्लान लागेल ते आणून देत आहेत आणि स्वतः शास्ता सुईत दोरा ओवून देत आहेत. अट्ठकथेतील कथा म्हणून ती वाचावी. पण एवढे वाचल्यावर सुई हातात घ्यायला कोणाची हरकत राहू नये.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिला प्रश्न कापडाचा. नऊवारी लुगडे म्हणजे साधारण २७ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, म्हणजे सुमारे १०१ चौरस फूट कापड. एका माणसाची वाकळ ५ बाय ७ फुटांची धरली तर तिचा एक थर ३५ चौरस फुटांचा होतो. म्हणजे एका लुगड्यात जवळजवळ तीन थर निघतात. दोन जुनी लुगडी असली की पोटातले थर आणि अस्तर भागते; वरच्या ठिगळांसाठी सदरे, परकर, खणांचे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या. कापड सुतीच घ्यावे. नायलॉन आणि टेरिकॉट सुतीबरोबर शिवले तर ते सरकते, सुरकुतते, आणि दोन धुण्यांत शिवण ओढली जाते. जुने कापड उजेडासमोर धरून पाहावे. जेथे जाळी दिसते तो भाग वर न घेता पोटात घालावा. सगळे कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटते. लाल आणि निळ्या कापडावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग फडक्यावर उतरला तर ते कापड आणखी दोन-तीनदा धुवावे, तरी उतरत असेल तर बाजूला ठेवावे.

दुसरा प्रश्न नक्षीचा, आणि नवशिके बहुधा येथेच भरीस पडतात. मोठी, बारीक तुकड्यांची वाकळ डोळ्यांपुढे येते आणि हिशेब केलेला नसतो. बँकेत बसणाऱ्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही, म्हणून आम्ही तो मांडतो. ५ बाय ७ फुटांचा वरचा थर सहा इंची चौकोनांनी भरायचा तर १४० तुकडे लागतात. तीन इंची चौकोन घेतले तर ५६०. दोन इंची घेतले तर १२६०! शिवाय प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच दुमड जाते, म्हणजे सहा इंची चौकोनासाठी कापड साडेसहा इंच कापावे लागते. दोन इंची चौकोनासाठी अडीच इंच. म्हणजे कापलेल्या कापडापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक शिवणीतच जाते.

मग वरून मारायच्या टाक्यांचा हिशेब. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर घातल्या तर पाच फूट रुंदीत १२० ओळी, प्रत्येक सात फुटांची, म्हणजे ८४० फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर चाळीस हजारांवर टाके होतात. सराव झालेला हात एक फूट शिवण पाच मिनिटांत घालतो असे धरले, तर एकूण ७० तास लागतात. तुकडे जोडण्याचा वेळ यात धरलेला नाही. दोघांच्या पलंगावर घालायची साडेसात बाय आठ फुटांची वाकळ घेतली तर हेच १२० तास होतात. पहिली म्हणून तीन फुटी चौरस दुपटे करावे : २१६ फूट शिवण, म्हणजे १८ तास. ज्याला १८ तास निभतात त्याला ७० निभतात. हिशेब मांडण्यामागे कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. उलट मोठे काम अंगावर घ्यावे, खुशाल घ्यावे. पण किती मोठे ते ठाऊक असावे. अर्धवट टाकलेली वाकळ पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून राहते, पुढे उंदीर तिचा निकाल लावतात.

नक्षी निवडताना नवशिक्यांनी त्रिकोणाच्या वाटेला लवकर जाऊ नये. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापले तर ताणत नाही; उरेब कापले की ताणते, आणि त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब येतेच. चौकोन आणि पट्टे यांनी आरंभ करावा. आमच्या मते सर्वांत समाधान देणारी नक्षी मगधाच्या शेताचीच : पाच उभे पट्टे, प्रत्येकात एक लांब आणि एक आखूड तुकडा, मध्ये बांधासारख्या अरुंद पट्ट्या. चीवरातही पट्ट्यांची संख्या पाच, सात, नऊ अशी विषम असते. चीवराची रचना पांघरुणाला वापरावी का, असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हास विचारले होते. रंग काषाय घेऊ नये, हे आम्हांलाही पटते. रचनेबद्दल मात्र हरकत दिसत नाही; ती रचना मुळात शेताकडून घेतलेली आहे, आणि शेते यमाईच्या डोंगरावरून खाली पाहिले तरी दिसतात.

मांडणी जमिनीवर करावी. खाली अस्तर, त्यावर एकेक थर हाताने सपाट करीत, सर्वांत वर ठिगळांचा थर. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे; आमच्याकडे त्यासाठी वरवंटा आणि तीन जाडजूड शब्दकोश आहेत. मग मध्यापासून कडांकडे लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्यावेत. हे टाचण्याचे काम कंटाळवाणे असते म्हणून लोक उरकतात. पण याच्यावरच पुढचे सर्व अवलंबून आहे. टाचण नीट असेल तर पक्की शिवण कडेपासून घालत, कोपऱ्यावर वळत, चौकोनात चौकोन करीत आत नेता येते. आपल्या जुन्या बायकांची रीत हीच. शहरातील वर्गांत मध्यापासून बाहेर शिवायला शिकवतात, कारण सुरकुती कडेला ढकलली जाते. दोन्ही रीती बरोबर आहेत. दोरा जाड, सुती. वीतभर-दोन वीत नव्हे आणि पुरुषभरही नव्हे, हातभर घ्यावा आणि मेणावरून ओढून घ्यावा म्हणजे गुंतत नाही. पाच फुटी वाकळेला सुमारे ३०० मीटर दोरा जातो, तेव्हा एका रंगाची रिळे एकदमच आणावीत. सहा-सात थरांतून सुई बोटाने रेटावी लागते. अंगुस्तान घालण्यात कमीपणा नाही, त्याची अनुज्ञा अडीच हजार वर्षांपूर्वी मिळालेली आहे.

हे एवढे कष्ट घेऊन काय मिळते, असे कोणी विचारील. पैशाच्या बाजूने पाहिले तर फारसे नाही. शहरांतील दुकानांत आज हाताने शिवलेली गोधडी हजारो रुपयांना विकली जाते हे खरे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले आहे. पण ७० तासांना तासाला अवघे ५० रुपये धरले तरी नुसत्या शिलाईचे ३५०० रुपये होतात. शिवणाऱ्या बाईच्या हातात त्यातले किती पडतात, हा प्रश्न घेणाऱ्याने दुकानात विचारावा. बचत गटांनी हे काम घेतले आहे तेथेही दर ठरवताना तास मोजावेत, वाकळा मोजू नयेत, असे आमचे मत आहे.

या बाबतीत अमेरिकेतील काळ्या लोकांचा इतिहास आपण वाचावा. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जिया राज्यातील स्त्री १८३७ साली गुलाम म्हणून जन्मली. १८८६ साली तिने शिवलेली बायबलमधील प्रसंगांची गोधडी पाहून एका चित्रकला शिक्षिकेने ती मागितली. तेव्हा तिने नाही म्हटले. पुढे हलाखीत दहा डॉलर मागून पाच डॉलरला द्यावी लागली. तीच गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अलाबामा राज्यातील जीज बेंड हे नदीच्या वळणावरचे गाव, गुलामांच्या वंशजांचे. तेथील स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. मतदार म्हणून नाव नोंदवायला तेथील लोक नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली त्यांची नावच बंद करण्यात आली. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्या गावी येऊन बोलून गेले. १९६६ साली त्या परिसरातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. नावही २००६ सालीच पुन्हा सुरू झाली, म्हणजे ४४ वर्षांनी. पांघरूण भिंतीवर चढले म्हणून हक्क आपोआप मिळत नाहीत, हेही त्यातून दिसते.

वाकळेची निगा सोपी आहे. ओली वाकळ फार जड होते, म्हणून दोघांनी मिळून धुवावी, पिळू नये, दोरीवर न टांगता खाटेवर पसरून सावलीत वाळवावी. चुल्लवग्गात उदेन राजा आनंदाला विचारतो, एवढ्या चीवरांचे तुम्ही करता तरी काय? आनंद सांगतो : जुन्या चीवरांचे पलंगपोस, पलंगपोस जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके, आणि शेवटी ते कुटून मातीत कालवून जमीन सारवायची. आपल्या घरांत लुगड्याची वाकळ, वाकळेचे पायपुसणे आणि पायपुसण्याचे पोतेरे होत असे, त्याच क्रमाने.

वेळेबद्दल विचारणाऱ्यांसाठी एक सूचना. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तीन महिने. या काळात आपल्या विहारांत आणि अनेक घरांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांचे हात मोकळे असतात. रोज एक तास धरला तर पाच फुटी वाकळेचे ७० तास वर्षावासात सहज बसतात आणि उरलेल्या दिवसांत तुकडेही जोडून होतात. कापड मात्र ज्येष्ठातच धुऊन वाळवून ठेवावे, पावसात जाड कापड वाळत नाही. टाचण झाले की एका कोपऱ्यात, अस्तराच्या बाजूला, कोणाकोणाचे कपडे आहेत ते आणि साल दोऱ्याने लिहून घ्यावे. सगळी शिवण झाल्यावर ते करायला गेले तर सुई शिरत नाही.